दादाच्या लॅपटॉपवर माझं नाव

मंडळी, आज दुपारी माझी ऑनलाइन मुलाखत होती. एटापल्लीच्या अंगणवाडीताईंसाठी मी गोंडी-मराठी शब्दांचं ॲप बनवून राह्यली, ते मोठ्या हौसेनं दाखवलं.

मुलाखत घेणाऱ्या मॅडमनी गिटवरचा, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या सॉफ्टवेअरमधला, इतिहास उघडला आणि विचारलं, "प्रत्येक बदलापुढे दुसऱ्याच कोणाचं तरी नाव आहे. हे कोण?"

माझा दादा! लॅपटॉप त्याचा. ऑफिसचं काम सुरू करताना त्यानं गिटमध्ये स्वतःचं नाव सगळ्याच कामांसाठी टाकून ठेवलं होतं. माझ्या ॲपवरही तेच बसत गेलं.

दादा बाजूलेच बसला होता. म्हणे, "घरचंच तं नाव आहे वं, काय फरक पडते?" आमच्या घरी गॅसपासून वायफायपर्यंत सगळं त्याच्याच नावावर, त्याले सवय झाली.

मी म्हटलं, "मंग तुह्या ऑफिसच्या कामावर माहं नाव टाकू काय?"



मॅडमच्या देखतच मी ॲपच्या फोल्डरमध्ये गेली आणि तेवढ्या फोल्डरपुरतं माझं नाव-ईमेल सेट केलं. कमांडमध्ये सगळ्याच कामांना लागू करणारा 'ग्लोबल' शब्द लावलंच नाही, म्हणून दादाच्या ऑफिसच्या कामाले धक्का नाई. जुन्या नोंदी तशाच राहतात, पण एक शब्द दुरुस्त करून कमिट केलं, म्हणजे तो बदल नोंदवला, आणि सगळ्यात वर माझं नाव आलं.

मॅडम म्हणाल्या, "चला, आता तुमच्याशी बोलू."

दादानं आपली खुर्ची मागं सरकवली.

तुमच्या घरच्या लॅपटॉपवर कोणाचं काम कोणाच्या नावावर जमा होऊन राह्यलं? बघा एकदा.