पुस्तक हातात धरून

दुपारची गाडी येऊन गेली की आमच्या गावात इतकं सामसूम व्हायचं की मी कधीकधी उगाच मोठ्याने खोकून बघायची. कुणी ऐकलं तर ऐकलं. तुम्हाला हसू येईल, पण चांदा जिल्ह्याच्या जंगलात, सरकारी क्वार्टरमध्ये, नवरा दौऱ्यावर असताना महिनाभर राहून बघा आणि मग हसा.

माझे यजमान रेंजर होते. पाऊस सरला की ते लाकूडतोड बघायला जंगलात शिरायचे आणि मध्ये घरी यायचे ते जवळजवळ कपडे बदलण्यापुरतेच. मी नागपूरची, इंग्रजी घेऊन इंटरपर्यंत शिकलेली. रेंजरचं स्थळ म्हणजे सोन्याहून पिवळं असं माझ्या घरच्यांनी ठरवलं होतं. ते सोनं कुठे होतं ते मला कधी सापडलं नाही, साग मात्र पुष्कळ होता. मूलबाळ झालं नव्हतं. बोलायला माणूस नव्हतं. स्वयंपाक एकटीचा करायचा आणि एकटीने जेवायचं, त्यामुळे पुढेपुढे मी भाताला नुसतं तेल-मीठ लावून खायला लागले. एकटेपणाची चव मला विचारलीत तर ती तशीच आहे, तेल-मिठाची.

एकदा हिवतापाने अंग मोडून आलं म्हणून मी सिंदेवाहीच्या रस्त्यावरच्या मिशन दवाखान्यात गेले. तिथली सिस्टर दक्षिणेकडची होती, माझ्याच वयाची, मोडकं मराठी आणि मोडकं हिंदी एकत्र कालवून बोलणारी. गोळ्या शोधताना तिने एक पेटी उघडली आणि आतून कडुनिंबाच्या पाल्याचा वास आला. पाल्याखाली पुस्तकं होती. तिच्या आधी त्या दवाखान्यात आयर्लंडची एक म्हातारी नर्स होती. ती आजारी पडून मायदेशी परतली तेव्हा आपल्या कादंबऱ्या मागे ठेवून गेली. सगळ्या इंग्रजी, सगळ्या तिच्या देशातल्या बायकांनी लिहिलेल्या, काही तर शंभर वर्षांपूर्वीच्या. सिस्टर त्यांना वाळवीपासून जपत होती, पण वाचत नव्हती. "अकेली पढने को मन नाही होता," ती म्हणाली. मला तिला मिठीच मारावीशी वाटली. ताप होता म्हणून राहिलं.

वाचायचं ठरलं, पण कुठे? दवाखाना एका टोकाला, माझं क्वार्टर दुसऱ्या टोकाला, मधोमध छोट्या लाईनचं स्टेशन. म्हणून आम्ही स्टेशनमास्तरांच्या क्वार्टरच्या मागच्या पडवीत बसायला लागलो. मास्तरांची बायको नागभीडकडची, धानाच्या शेतीतल्या घरातली. मी तिला वहिनी म्हणायची. ती मराठी चौथी शिकली होती आणि घरात येईल तो छापील कागद वाचायची, किराण्याच्या पुडीचासुद्धा. इंग्रजी तिला येत नव्हतं. तेव्हा सिस्टरने एक पान इंग्रजीत वाचायचं आणि मी ते मराठीत सांगायचं, असं ठरलं.

पहिल्याच दुपारी मी सांगायला तोंड उघडलं आणि वहिनीने दोन्ही कानांवर हात ठेवले.

"हे गोष्ट हाये का जी?"

"गोष्टच आहे."

"मंग नाई. दिवसा गोष्ट आयकली का मामा वाट चुकते."

म्हणजे असं, की उजेडात कुणी गोष्ट सांगितली, ऐकली, की त्या घरच्या पोरांचा मामा रस्ता विसरतो आणि बहिणीच्या घरी पोहोचत नाही. तिकडे हे लहान पोरंही जाणतात. मी हसले. सिस्टरने मला पायाने ढोसलं, कारण तिला दवाखान्यात सगळ्या गावाची हकीकत कळायची आणि मला कुणाचीच कळत नव्हती. वहिनीचा एकुलता भाऊ बापाशी भांडून बल्लारपूरकडे कामाला गेला होता. आधी सणावाराला कुणाबरोबर निरोप यायचा, मग तोही बंद झाला. वहिनीची मुलगी पाच वर्षांची झाली तरी तिचे कान बुचे होते. कान टोचायचे ते मामाच्या मांडीवर बसवून, आणि मामाचा पत्ता नव्हता. वहिनी देव पाण्यात घालून बसली होती.

रात्री वाचणं शक्य नव्हतं. संध्याकाळी वहिनीची चूल, मास्तरांची गाडी, आणि सिस्टरला अंधाराआधी दवाखान्यात पोहोचायला हवं. त्या रस्त्यावर वाघ फिरायचा. उठावं लागणार असं मला दिसत होतं, पण वहिनीलाही आम्ही उठायला नको होतं. तिने जरा विचार केला आणि विचारलं, "सांगतलेलं चालत नाई. पन वाचलेलं?"

पोथी दिवसा वाचतातच की. वाचणं म्हणजे सांगणं नव्हे. मग तिने कायदाच करून टाकला: जी बोलेल तिने पुस्तक हातात धरायचं आणि नजर पानावर ठेवायची. सिस्टरचं पान संपलं की पुस्तक माझ्या हातात यायचं, मी त्यातल्या इंग्रजी ओळींवर बोट ठेवून मराठी बोलायची. चुकून मान वर केली तर वहिनी ओरडायची, "पुस्तकात पाहा जी!" एवढी शिस्त मला कॉलेजातही कुणी लावली नव्हती.

अशा आम्ही बऱ्याच कादंबऱ्या वाचल्या. आता त्या एकमेकींत मिसळून गेल्यात. सगळ्यांत पाऊस, सगळ्यांत चहा, सगळ्यांत एखादं मोठं घर ज्याचं छप्पर गळतंय आणि ज्याच्या मालकिणीला ते मान्य नाही. मालगुजारी, म्हणजे आमच्याकडची जमीनदारी, नुकतीच गेली होती, त्यामुळे असलं घर वहिनीला समजावून सांगावं लागलं नाही. तिच्या माहेरचा मालगुजारही अजून मिशीला पीळ देत होता.

ज्या कादंबरीबद्दल मला सांगायचं आहे ती तीन बहिणींची. नावं वहिनीच्या जिभेवर बसेनात म्हणून आम्ही त्यांना थोरली, मधली, धाकटी म्हणायचो. त्यांचं घर एका 'बॉग'च्या काठी होतं. सिस्टरने तो शब्द उच्चारला आणि वहिनी म्हणाली, "बोडी!" आमच्याकडे शेताला पाणी देणाऱ्या लहान तलावाला बोडी म्हणतात. मीही म्हटलं, असेल. दलदलीला दुसरा शब्द माझ्यापाशी तरी कुठे तयार होता? मग काय, दोन-तीन दुपारी त्या बहिणी आमच्या पडवीत बोडीच्या पाळीवरून, म्हणजे बांधावरून, फिरल्या, बोडीत ढिवरांनी जाळी टाकली, आणि एकदा वहिनीने थोरलीला बोडीतले शिंगाडेही खाऊ घातले. पुढे त्या बहिणींनी बोडीतला चिखल विटांसारखा कापला, वाळवला आणि चुलीत घातला, तेव्हा मात्र वहिनी बिथरली.

"माती जळते का जी? बोडीची माती?"

सिस्टर म्हणाली, जलता है. मी म्हटलं, पुस्तकात लिहिलंय. वहिनी उठून गेली आणि खरंच सुकलेल्या बोडीतून एक ढेकूळ घेऊन आली. आम्ही तिघींनी ते चुलीत घालून बराच वेळ फुंकलं. नुसता धूर. सिस्टरच्या पांढऱ्या कपड्यांवर राख, माझ्या डोळ्यांतून पाणी, आणि हसता हसता पुरेवाट. लग्नानंतर मी इतकी हसले ती तेव्हाच.

त्या बहिणींना एक भाऊ होता. तो जहाजात बसून अमेरिकेला गेला आणि त्याची पत्रं यायची थांबली. थोरली रोज पोस्टमन येण्याच्या वेळी फाटकाशी उभी राहायची आणि बहिणींना सांगायची, मी फुलं बघतेय. हे मी एका दुपारी सांगितलं. दुसऱ्या दिवशी दुपारची गाडी आली तेव्हा ती फलाटाच्या कुंपणाशी उभी होती. मला बघून म्हणाली, "फुलं पाहून राह्यली." फुलं बिलं काही नव्हती तिथे. नंतर कळलं की ती रोजच तशी उभी राहायची. त्या उभं राहण्याला नाव मात्र त्या पुस्तकाने दिलं.

एकदा मी तिला जरा चिडूनच म्हटलं की हे मामाचं खूळ आता पुरे, माझी मान दुखते पुस्तकात बघून बघून. ती सहज म्हणाली, "तुमाले काय बाई. तुमच्या घरी कोनाचा मामा वाट चुकते?"

तिच्या मनात पाप नव्हतं. पण घरी आल्यावर मी खूप रडले. माझा सख्खा भाऊ नागपुरात होता. त्याला रस्ता माहीत होता, गाडीही माहीत होती, आणि लग्नानंतर तो एकदाही आला नव्हता. तो कुणाचा मामा नव्हता आणि मी कुणाची आई नव्हते, तेव्हा माझ्यावाचून कुणाचं काय अडणार होतं? वहिनी निदान वाट बघत होती. मला तर वाट बघायलाही कुणी नव्हतं, आणि त्या रात्री मला त्यापायी तिचा चक्क मत्सर वाटला.

पुस्तक त्या दिवशी माझ्याकडेच होतं. झोप येईना म्हणून मी पुढे वाचत गेले, शेवटपर्यंत. थोरलीचे केस पांढरे झाले. आणि मग कुणीतरी परक्या माणसाने येऊन सांगितलं की भाऊ पहिल्याच हिवाळ्यात तापाने गेला होता. एवढी वर्षं त्या बहिणी मेलेल्या माणसाची वाट बघत होत्या. मी पुस्तक मिटलं. हे वहिनीला कसं सांगायचं?

सांगायची वेळ आली नाही. त्याच आठवड्यात सिस्टरला आलापल्लीच्या पलीकडच्या दवाखान्यात जायचा हुकूम आला. पेटी मिशनची, ती तिच्याबरोबर बैलगाडीत चढली आणि ते पुस्तकही. जाताना सिस्टर मला म्हणाली, "तुम वहिनी को बोलना, आगे क्या हुआ." गाडी सागांच्या आड गेल्यावर आम्ही दोघी पडवीत येऊन बसलो.

पुस्तक गेलं म्हणजे गोष्टही अडकली. वहिनीला शेवट ऐकायची इतकी ओढ होती की ती दिवसातून तीनदा विषय काढायची आणि मी तोंड उघडलं की कानांवर हात ठेवायची. "नोका सांगू जी. पुस्तक नाई तुमच्या हाती." मला मनातून सुटल्यासारखं व्हायचं. शेवट माझ्यापाशी पडून राहिला आणि मामाची वाट मोकळी राहिली.

वैशाखात मास्तरांची बदली झाली, गोंदियाकडे. आता हिच्या भावाने कधी वाट शोधलीच, तर येणार कुठे? हे मला सुचलं, म्हणजे तिला कितीदा सुचलं असेल.

निघायच्या दिवशी दुपारी मी डबा घेऊन गेले. सामान बांधून फलाटावर गेलं होतं. पडवीत एक सतरंजी उरली होती आणि भिंतीला खिळ्यावर पंचांग. मुलगी माझ्यापाशी धावत आली. तिच्या कानांत कडुनिंबाच्या काड्या होत्या आणि पाळ्या लाल सुजल्या होत्या.

मी वहिनीकडे बघितलं. ती उरलेली दोरी गुंडाळत होती.

"मास्तराच्याच मांडीवर बसवली," ती म्हणाली. "नव्या गावी लोकं विचारतीन, पोरीचे कान काऊन बुचे म्हनून."

मग माझ्यासमोर येऊन बसली. हात मांडीवर ठेवले, कानांवर नाही.

"सांगा आता, पुढं काय झालं तं."

"पुस्तक नाही, वहिनी."

"राहू द्या. असंच सांगा, रिकाम्या हातानं." आणि मग, "आता कोनाले वाट चुकाची हाये."

बाहेर टळटळीत ऊन होतं. तिचे डोळे कोरडे होते आणि मला तेच सहन होईना. रडली असती तर मी जवळ घेतलं असतं. तिने भावाची आशा सोडून दिली होती, इतकं साधं होतं ते, आणि माझ्याजवळ सांगायला जो शेवट होता त्याने त्यावर मातीच पडली असती.

मी उठले. खिळ्यावरचं पंचांग काढलं, उघडलं, मांडीवर नीट धरलं आणि नजर पानावर ठेवली. तिथी, नक्षत्रं, मुहूर्त असं काय काय होतं तिथे. मी त्यावर बोट ठेवलं आणि वाचायला लागले. थोरली फाटकाशी उभी होती. पाऊस पडत होता. पोस्टमन आला नाही, पण त्याच्या मागून, बोडीच्या पाळीवरून, एक माणूस चालत येत होता. त्याने वाट विचारत विचारत गाव गाठलं होतं. आधी जुन्या घरी गेला, तिथे कुणी नव्हतं, मग लोकांनी नवा पत्ता सांगितला. त्याच्या दाढीत पांढरे केस होते. थोरलीने त्याला ओळखलं नाही, धाकटीने ओळखलं. मी सांगत गेले, मान वर न करता. माझं बोट एकादशीवरच होतं. तो आत आला, त्याला चहा दिला, चुलीत बोडीची माती जळत होती, आणि तो म्हणाला की मला फार उशीर झाला, वाट चुकलो होतो.

 सतरंजीवर वहिनीचा हात पुढे सरकला आणि पंचांगाच्या कोपऱ्यावर थांबला.

"पान पलटवा जी बाई," ती म्हणाली. "एवढं सारं एका पानावर कसं मावंल?"

मी पान उलटलं आणि पुढे वाचू लागले.