तांदळातले देव

मार्चचा शेवटचा रविवार, सन दोन हजार सात. प्लिमथ बंदर ते ब्रिस्टल. हजर: मी. शेजारच्या सीटवर रस्त्यांचा नकाशा, संत्र्यांची जाळी आणि डॉक्टरांची लोकरी टोपी.

बोटीच्या पोटातून गाडी बाहेर आली, लोखंडी उतार संपून चाकं जमिनीला लागली आणि मागे चमच्यांचा खण वाजला. हा आवाज हिवाळाभर माझ्या सोबतीला होता. खणात जुना पंचा कोंबून झाला, रबरी चटई घालून झाली, तरी वळण आलं की स्टीलवर स्टील आपटायचंच. आमच्या मोटरहोममध्ये बिछाना आहे, शेगडी आहे, फ्रीज आहे, एका माणसाला वळताही येणार नाही एवढी न्हाणी आहे. पण चालत्या घरात कुठलीच वस्तू गप्प बसत नाही, हे ती विकत घेताना कोणी सांगितलं नव्हतं. काच खाली केली. ओल्या गवताचा, खाऱ्या वाऱ्याचा आणि डिझेलचा मिळून एक थंड वास आत आला. स्पेनमधल्या कोरड्या टेकड्यांचा धुरकट वास नाकातून निघून जायला तेवढा श्वास पुरला. माणसाचं नाक किती पटकन घरी पोचतं! बाकीच्या माणसाला मात्र रस्ता कापावा लागतो.

डॉक्टर म्हणजे माझे यजमान. लग्नानंतर सगळेच त्यांना डॉक्टर म्हणत, म्हणून मीही म्हणू लागले, आणि ते तसंच राहिलं. आयुष्यभर त्यांनी इथल्या इस्पितळात लोकांना भूल दिली, मी दुसऱ्या एका इस्पितळात लोकांना अपॉइंटमेंट दिल्या. दोघंही निवृत्त झालो तेव्हा त्यांनीच हे मोटरहोम शोधलं. इंग्रजी हिवाळा हाडांत शिरण्याआधी दक्षिणेला पळायचं आणि डॅफोडिल्स फुलली की परतायचं, असा बेत. मी यादी केली, त्यांनी टोपी घेतली.

ज्यांनी इंग्लंडची गाडी युरोपात चालवली असेल त्यांना एक गोष्ट सांगावी लागणार नाही. आपलं स्टिअरिंग उजवीकडे आणि तिथला रस्ताही उजवीकडे. पुढे ट्रक असला तर चालवणाऱ्याला पलीकडचं काहीच दिसत नाही. दिसतं ते डावीकडे बसलेल्याला. म्हणून ओव्हरटेक करायचा तर दोन माणसं लागतात. एकाच्या हातात चाक, दुसऱ्याचे डोळे. मी चालवायची आणि डॉक्टर मान बाहेर काढून बघायचे. “थांब. थांब. अजून एक येतोय लाल. थांब... हं, जा.” त्या ‘जा’वर मी डोळे मिटून जायची, म्हणजे खरोखर मिटून नव्हे, पण विश्वास तसाच होता. तीस वर्षांच्या संसारात आम्ही एकमेकांचं इतकं मुकाट्याने कधी ऐकलं नसेल. एकदा मी त्यांना म्हटलं, “घरी असं बोलला असतात तर किती भांडणं वाचली असती.” ते म्हणाले, “घरी तू ट्रकच्या मागे असतेस कुठे? घरी तूच ट्रक असतेस.”

जानेवारीत नाशिकहून फोन आला. सासूबाई अंगणात पडल्या, खुब्याचं हाड मोडलं. डॉक्टर दुसऱ्या दिवशी दक्षिण स्पेनमधल्या मलागाहून विमानात बसले. पंधरवड्यात येतो म्हणाले. पुढे ते ‘आई उठून बसली की’ झालं, मग ‘चालायला लागली की’. फेब्रुवारीत एका संध्याकाळी, कॅम्पसाइटच्या फोनबूथमध्ये मी नाण्यांवर नाणी घालत असताना, ते अगदी हळू म्हणाले, “मला इथे बरं वाटतंय गं.” आई बरी आहे, असं नव्हे. मला बरं वाटतंय. एवढ्या साध्या वाक्याने पायाखालची जमीन सरकावी असं त्यात काय होतं? पण माणूस कुठे बरा होतो, यावरूनच तो कुठे आजारी होता ते कळतं, नाही का?

मग मी एकटी उत्तरेला निघाले. अख्खा स्पेन मी कुठल्या ना कुठल्या ट्रकच्या मागे पार केला. एकही ओव्हरटेक केला नाही. माल्टाच्या, पोलंडच्या, पोर्तुगालच्या ट्रकांची मागची दारं आता मला पाठ आहेत. त्या दारांवरच्या धुळीत बोटाने लिहिलेली परदेशी अक्षरं वाचत, लावता न येणारा अर्थ लावत, मी ताशी जेमतेम पन्नास मैलांनी आपल्या घराकडे येत होते.

आणि आता प्लिमथ. बंदराबाहेर पाटी होती: डावीकडून चालवा. मी डावीकडे आले, आणि एकदम सगळं दिसू लागलं. पुढचा रस्ता, समोरून येणारी गाडी, ट्रकच्या पलीकडची मोकळी लेन. एम-फाइव्ह महामार्गावर पहिल्या ट्रकला मी सहज मागे टाकलं. कोणाला विचारावं लागलं नाही. डावी सीट नुसती सीट झाली. मला आनंद व्हायला हवा होता. झाला नाही. इथे मला कोणाच्या डोळ्यांची गरज नाही, हे इतक्या लखलखीत उजेडात सिद्ध व्हायला नको होतं.

दोन्ही बाजूंना डेव्हनची हिरवी कुरणं होती. मेंढ्यांची नवी कोकरं आईच्या पोटाखाली धडका देत होती, कुंपणांवर ब्लॅकथॉर्नचा पांढरा फुलोरा धुक्यासारखा अडकून राहिला होता. वसंत इथे गाजावाजा करत येत नाही; उशिरा आलेल्या पाहुण्यासारखा ओलेत्या बुटांनी दारात उभा राहतो. समोरून मोटरहोम आलं की हात हलवायचा, अशी या लोकांत रीत आहे. तो हात शेजारच्याने हलवायचा असतो, चालवणाऱ्याने नव्हे. एकामागून एक तीन गाड्यांतल्या बायकांनी मला हात केला. माझे दोन्ही हात चाकावर होते. त्यांना मी उद्धट वाटले असणार.

घरासमोर गाडी लावते न लावते तोच शेजारची मॉरीन दूध, पाव आणि आमची किल्ली घेऊन आली. हिवाळाभर तिनेच घर सांभाळलं होतं. “आलीस, माय लव्ह?” म्हणाली, आणि माझ्या खांद्यावरून गाडीत डोकावली. “डॉक्टर कुठेत? मागे झोपलेत? आयुष्यभर दुसऱ्यांना झोपवलं, आता त्यांची पाळी.”

“ते भारतात आहेत. आईपाशी.”

“अजून?” मग तिला आपलं ‘अजून’ ऐकू आलं असावं. तिने पाव माझ्या हातात दिला. “आणि तू? तूही जाणार?”

“आधी पाणी सुरू करते,” मी म्हटलं.

माझी परतीची यादी जाण्याआधीच केलेली असते. पाण्याचा मुख्य नळ उघडणे. बॉयलर. फ्रीज. टपाल वेगळं करणे. खिडक्या. घड्याळं. देव. मी कामाला लागले की मला कसलंच दुःख होत नाही, असं गौरीचं मत आहे. गौरी आमची मुलगी, वॉटफर्डला असते. पाइप कुरकुरले, खोकले, तांबूस पाणी थुंकले आणि मग शहाण्यासारखे वाहू लागले. बंद घराला एक वास असतो, ओल्या कागदाचा आणि जुन्या फोडणीचा. आपल्याच घरात आपण पाहुणे आहोत, असं तो सांगत राहतो. मार्चच्या शेवटच्या रविवारी इथे उन्हाळ्यासाठी घड्याळं तासभर पुढे करतात. घरातली सगळी घड्याळं एक तास मागे होती, जणू आम्ही गेलो ती वेळ धरून बसली होती. मी एकेक पुढे केलं. स्वयंपाकघरातलं उंचावरचं घड्याळ डॉक्टर काढतात. मी स्टूल घेतलं.

नाशिक आणि स्पेन यांच्यात हिवाळाभर साडेचार तासांचं अंतर होतं. आज इंग्लंडची घड्याळं पुढे झाली आणि इथूनही ते साडेचारच झालं. एवढे हजारभर मैल गाडी हाकून मी त्यांच्यापासून एक मिनिटही दूर गेले नव्हते, की जवळही आले नव्हते.

तिथे संध्याकाळ झाली असेल असं बघून फोन लावला.

“पोचलीस? वाटेत त्रास नाही ना झाला?”

“नाही. इथे सगळं दिसतं.”

मागून सासूबाईंचा आवाज आला, “कोण, सूनबाई का? जेवली का विचार.” डॉक्टरांनी विचारलं नाही. ते म्हणाले, “देव काढलेस?”

“आत्ता तर आले.”

“मग काढू नकोस. मी विचार करत होतो. तसेच घेऊन ये.”

“तांदळासकट? विमानात?”

“तांदूळ राहू दे गं. देव आण. घराचं काय ते गौरीशी बोलून ठरवू, विकायचं की भाड्याने द्यायचं. पण देव आता इथे असलेले बरे. तू पण.”

‘तू पण’ शेवटी आलं. मी उद्या बोलू म्हटलं, आणि फोन ठेवला.

आमच्याकडे घर बंद करून लांब जायचं असलं की देव तांदळात ठेवतात. रोजची पूजा होणार नाही, म्हणून उपाशी राहू नयेत अशी व्यवस्था. आल्यावर त्यांना काढायचं, आंघोळ घालायची, देव्हाऱ्यात बसवायचं आणि त्याच तांदळाचा नैवेद्य करायचा. ते देव्हाऱ्यात बसले की घर लागलं. पूजा डॉक्टरांची, म्हणून नोव्हेंबरात देव त्यांनीच डब्यात ठेवले होते. आधी तांदळाचा थर, मग एकेक मूर्ती आडवी, मग वर तांदूळ. शेवटी तळहाताने सगळं सारखं केलं, ऑपरेशन टेबलावरच्या रोग्याचं पांघरूण सारखं करावं तसं. नाताळात गौरी घर बघायला आली होती. तिला खिचडी करायची होती. तिच्या मोडक्या मराठीत तिचा फोन आला होता, “आई, राइसमध्ये कृष्ण आहे! मी वाटी घातली आणि तो वरती आली.” मग घाबरून, “मी त्याला परत झोपवलं. चालतं ना?” चालतं, म्हटलं. त्या रात्री तिने पिझ्झा मागवला.

आता डबा माझ्यासमोर होता. ओट्याखालून काढताना मी तो नकळत किंचित हलवून पाहिला. आत पितळेचे चार देव, आणि आवाज नाही. चमच्यांच्या खणात पंचे कोंबून मला जे जमलं नव्हतं ते तांदळाने सहज केलं होतं. त्यातला गणपती आणि कुलदैवताचा टाक सासरचा. अन्नपूर्णा आणि बाळकृष्ण मला आईने लग्नात दिलेले. सगळ्या जणी आपापली अन्नपूर्णा घेऊनच सासरी जातात. इतकी वर्षं चौघे एका पाटावर बसले, एका पाण्याने न्हाले. त्यांतले कोण कोणाचे, हा प्रश्न मला कधी पडला नव्हता. त्या दुपारी पडला, आणि पडल्याची लाज वाटली.

काढावेत, तर माझं घर इथे लागलं. न काढावेत, तर हे घर नुसती जागा झाली, आणि मी तिची किल्ली सांभाळणारी. नाशिकला मला बरं वाटेल का? डॉक्टरांना इथे कधीच बरं वाटत नव्हतं का? बर्फात गाडी ढकलताना, गौरीच्या शाळेत, मॉरीनच्या नवऱ्याच्या अंत्ययात्रेला गुडघाभर चिखलात उभं राहताना? याची उत्तरं मी अपॉइंटमेंटसारखी पुढे ढकलू शकत नाही, हे मला ठाऊक आहे.

भूक लागली होती. रविवारची दुकानं बंद झालेली, आणि घरात तांदूळ होता तो तेवढाच. पाव होता, पण बोटीवर कालपासून पावच खाल्ला होता. शेवटी झाकण उघडलं. गौरीने विसकटलेला भाग एका बाजूला होता. दुसऱ्या बाजूला मात्र त्यांच्या तळहाताने केलेली सपाटी अजून तशीच होती. मी गौरीच्या बाजूने वाटी घातली. वरवरची, हलक्या हाताने. तांदूळ घरंगळले, आणि अन्नपूर्णेच्या हातातली पळी तेवढी वर आली. ती काय, एरवीही वाटीभर तांदळातच बसते. तिला या डब्यात काही वेगळं वाटलं नसेल.

मी तिला बोट लावलं नाही. तांदूळ धुतले, कुकर लावला. शिट्टीने त्या गप्प घरात इतकं दचकायला झालं की मी स्वतःशीच हसले. एका माणसाचा भात किती लवकर होतो. मीठ, तूप, स्पेनहून आणलेलं लिंबू. मॉरीनच्या घरात दिवा लागला. रोज अशी एक वाटी काढत गेले, तर आठवडाभरात देव आपोआप वर येतील. मग मी काढले असं होणार नाही, आणि ठेवले असंही नाही. पण तिकडून ‘जा’ म्हणणारं कोणी नाही, आणि या ट्रकच्या पलीकडचं मला माझ्या बाजूने दिसत नाही.

जेवून ताट धुतलं. गाडीतून चमचे आणून खणात ठेवले. इथे ते वाजत नाहीत. डब्याचं झाकण लावलं आणि डबा ओट्याखाली न ठेवता ओट्यावरच ठेवला. यादीवर बॉयलरपुढे खूण केली, टपालापुढे केली, घड्याळांपुढे केली. देव राहिलेत.