गल्ला नसलेला दवाखाना

"वय किती सांगू गं आक्का?" धोंडुबाईंनी मागं वळून विचारलं. आधार कार्डाच्या रांगेत आता त्यांच्या पुढं एकच माणूस उरला होता.

"वाढवून सांग," थोरल्या जाऊबाई रंगुबाई कानाशी लागल्या. "पासष्टी झाली की एसटीचं अर्धं तिकीट. कमी सांगून तुला काय आता पुन्यांदा बाशिंग बांधायचं हाय?"

विट्याच्या पलीकडं, माळावरच्या त्या गावात असा सल्ला देणाऱ्या रंगुबाई एकट्या नव्हत्या. शाळेच्या वर्गात मशीन मांडून बसलेल्या पोरासमोर त्या दिवशी निम्म्या गावच्या बायका म्हाताऱ्या होऊन गेल्या. धोंडुबाईंना खरी जन्मतारीख ठाऊकच नव्हती. बहात्तरच्या दुष्काळात त्या खडी फोडायला गेल्या, तेव्हा परकर जाऊन नुकतंच लुगडं आलं होतं, एवढाच त्यांचा हिशोब. पण मशीनला दुष्काळ कळत नाही. त्यांनी सात-आठ वर्षं वर टाकून आकडा सांगितला, पोरानं पुढं एक जून लावला आणि धोंडुबाई सरकारदरबारी थोरल्या जावेच्याही थोरल्या झाल्या.

पुढं अर्धं तिकीट खरंच सुरू झालं. कंडक्टर आधी कार्ड बघायचा, मग तोंड.

"मावशी, पासष्ट? केस तर काळंभोर हायती."

"केसं शाळंत गेली न्हाईत बाबा. तू कारडावर इस्वास ठेव."

हे सगळं धोंडुबाईंनी मला करून दाखवलंय, कंडक्टरच्या भुवईसकट. त्या काही सांगत नाहीत, करूनच दाखवतात. ओट्यावर बसल्या जागी त्या एसटी होतात, विमान होतात, डॉक्टर होतात. आखातातली गोष्ट मी त्यांच्याकडून कितीदा ऐकली असेल, पण त्या मोठ्या दाराशी आल्या की दर वेळी त्यांचा आवाज आपोआप खाली येतो, आणि माझ्या अंगावर काटा.

आमच्या भागातली पोरं सोनं गाळायला परमुलखात जातात. सराफाकडचं जुनं, मिसळीचं सोनं भट्टीत घालून शुद्ध करून द्यायचं. गलाईवाले म्हणतात त्यांना. या धंद्यात कागद कमी आणि शब्द जास्त. ओळखीचा गाववाला मध्ये उभा राहिला आणि "ह्याची जबाबदारी माझी" म्हणाला, की सराफ सोन्याची पुरचुंडी बिनपावतीची हातात ठेवतो. तो शब्द मोडला, तर त्या पोराची भट्टी पुन्हा कुठंच पेटत नाही. धोंडुबाईंचा मुलगा ऋषिराज असाच एका आखाती शहरात भट्टी लावून बसला होता. बायको, पहिली मुलगी तिकडंच. सुनेला दुसऱ्यांदा दिवस गेले. पहिलं बाळंतपण माहेरी, दुसरं सासरी, ही रीत. सासर दर्यापार गेलं म्हणून रीत थोडीच बुडते? धोंडुबाईंनी डिंकाचे लाडू बांधले, आधार कार्डावरून पासपोर्ट काढला आणि विमानात बसल्या. व्हिसाला विमा लागतो म्हणून एजंटानं तीन महिन्यांचा विमा उतरवून दिला होता. तिसऱ्या महिन्यात परत यायचंच होतं.

तिसऱ्या महिन्यात जगभर साथ पसरली आणि विमानं बंद झाली.

व्हिसाची मुदत तिथल्या सरकारनं आपणहून वाढवली. विम्याची कोण वाढवणार? ऋषिराजनं कंपनीला फोन लावला. पलीकडच्या बाईनं पासपोर्टवरची तारीख विचारली, आणि गोड आवाजात सांगितलं की साथ आल्यापासून सत्तरीच्या वरच्या पाहुण्यांना नवा विमा मिळत नाही.

फोन ठेवून ऋषिराज आईकडं वळला. "आई, तू सत्तरीची कवा झालीस?"

"आधार कारडाला."

"आगं पण कशापायी?"

"एसटीपायी," धोंडुबाई म्हणाल्या. तिथल्या काचेच्या उंच इमारतीत उभं राहून हे उत्तर त्यांना स्वतःलाच इतकं विचित्र वाटलं, की त्यांना हसू फुटलं.

ऋषिराज हसला नाही. "खरं वय सांगून बघू काय?"

"आन खरं सांगितल्यावर पासपोर्ट खोटा ठरला म्हंजी? तुरुंगात बसून बाळुती धुवू व्हय?"

परक्या माणसाला तिथं दवाखाना परवडत नाही, हे एव्हाना त्यांना कळलं होतं. खालच्या मजल्यावरच्या एकाचं पोटाचं ऑपरेशन झालं आणि त्याचं दुकानच गेलं, ही गोष्ट सून दबक्या आवाजात सांगायची. धोंडुबाईंनी मनाशी ठरवून टाकलं : आपण आजारी पडायचं नाही.

नातू झाला. न्हाऊमाखू, शेक, धुरी सगळं रीतसर चाललं होतं, आणि एका सकाळी लाडवाचा वास येईना. धोंडुबाईंनी लाडू नाकाशी धरला, पुन्हा धरला. मग गुपचूप चटई उचलली, बाल्कनीत गेल्या आणि काचेच्या दाराला तिकडून कडी लावली.

"आई, दार उघड."

"लांब हो. बाळातिणीचं घर हाय. ताट उंबऱ्यावर ठेव नि जा."

"तुला दम लागलाय. हितनं ऐकू येतंय मला. दवाखान्यात जाऊ."

"माझा इमा न्हाई."

"दुकान इकतो. माणसापरीस दुकान मोठं हाय का?"

"इक की! आन मग त्या लेकराला काय भट्टीतली राख चारतोस?" एवढं बोलायला त्यांना मध्ये दोनदा थांबावं लागलं. "माजं झालं गेलं, ऋषी. कागदावर तर आठ वरसं जादाच जगलेय मी."

काचेच्या त्या बाजूला मुलगा रडत होता. या बाजूला धोंडुबाई भिंतीकडं तोंड करून बसल्या, कारण त्याचं तोंड बघितलं असतं तर कडी निघाली असती.

ऋषिराजनं तरी ॲम्ब्युलन्स बोलावलीच. पायापासून डोक्यापर्यंत पांढऱ्या कापडात गुंडाळलेला माणूस काचेशी येऊन उभा राहिला. "मध काढायला आल्यागत," असं धोंडुबाई म्हणतात. त्यानं आधी हिंदीत समजावलं, मग इंग्रजीत. धोंडुबाई काचेआडून म्हणाल्या, "ह्या बाबाला सांग रं, मेल्यावर ये म्हणावं. तवा न्ह्यायचं भाडं कमी लागंल."

पांढऱ्या माणसानं हिंदी-इंग्रजी सोडलं. मग म्हणाला, "आवं मावशी, कुठल्या म्हनायच्या तुमी? इट्याकडच्या का?"

धोंडुबाईंनी भिंतीकडचं तोंड वळवलं.

"मी शाहनवाज. मेढ्याचा. जावळीतला. मावशी, ह्या रोगाला हितं सगळ्यांस्नी फुकट हाय. हितला आसू दे, भायेरचा आसू दे. सरकारनंच तसं केलंया."

"फुकट? फुकट कुनी दवाखान्यात पाणी देत न्हाई. मिरजंला मालकांस्नी घिऊन बसलेय मी. आदी पैसं भरा, मग डाक्टर."

"मिरज ऱ्हाऊ द्या मिरजंत."

"आन उद्या बिल काढलं तर?"

"माझ्या नावावर काढतील," शाहनवाज म्हणाला. "ह्याची जबाबदारी माझी. मेढ्यात स्टँडामागं घर हाय आमचं. कुनालाबी इचारा."

हे त्यानं सहज म्हटलं असेल. पण गलाईवाल्याच्या घरात त्या वाक्याला वजन होतं. मध्ये उभा राहून शब्द देणाऱ्या गाववाल्याला नाही म्हणायचं, म्हणजे त्याला खोटं ठरवायचं. धोंडुबाईंनी कडी काढली.

आणि मग ते मोठं दार.

एरवी तिथं जगभरच्या वस्तूंची प्रदर्शनं भरायची, आता साथीपुरता दवाखाना केला होता. ट्रॉली आत शिरली, आणि धोंडुबाईंना छत दिसेना. "विट्याचा आठवडा बाजार बघितलायस न्हवं? तसलं चार बाजार एकाला एक जोड. वर आभाळाएवढं छप्पर. आन जितं माळवं मांडायचं, तितं खाटा. ह्या टोकाला उभं ऱ्हायलं तर त्या टोकाचं माणूस मुंगीएवढं." काळी माणसं, गोरी माणसं, चपट्या नाकाची, दाढीची, बिनदाढीची. कोणी कण्हत होतं, कोणी नमाज पढत होतं, कोणी क्रूस धरून पडलं होतं. पण एवढ्या मोठ्या जागेत आवाज कसला, तर हवेचा. हजार नळ्यांतून सुटणारी हवा. नांगरलेल्या रानावरून वारा जावा तसा एकसारखा. सगळ्या दुनियेचा एकच श्वास चाललाय आणि त्यात आपला एक मिसळलाय, असं त्यांना वाटलं. त्यांनी हात जोडले. कोणाला, ते त्यांना आजही सांगता येत नाही.

नाकात नळी आली, थोडं बरं वाटलं, आणि डोकं पुन्हा कामाला लागलं. बिल आता मुलाच्या नावावर नव्हतं. त्या मेढ्याच्या पोराच्या नावावर होतं! परक्याच्या लेकाला बुडवायचं? धोंडुबाईंनी काटकसर सुरू केली. दुसरी चादर आली, परत केली. जेवणाचा डबा आला, हात लावला नाही. इंजेक्शन घेऊन केरळची नर्स आली तर दंड पदराखाली.

"अम्मा, सुई."

"नको. कालचीच हाय अजून अंगात."

"अम्मा, खाना क्यों नहीं खाया?"

"गल्ला कुठं हाय तुमचा?" धोंडुबाईंनी उलट विचारलं. "गल्ला. पैसा. पैसा कहाँ लेता?"

नर्सला आधी समजेना. समजलं तेव्हा तिनं हातमोजे घातलेले दोन्ही हात हलवले. "नहीं अम्मा. पैसा नहीं."

हिला काय, पगारी माणूस, असं म्हणून धोंडुबाईंनी ते सोडून दिलं. पण त्यांच्या खाटेवरून बाहेर जायचं दार दिसायचं. त्या दारावर त्यांनी नजर लावली. दवाखान्याचं खरं रूप आत येताना नाही, बाहेर पडताना कळतं, हे त्या मिरजेला शिकल्या होत्या. तिथं नवऱ्याला सुट्टी दिल्यावरही कागद पुरे होईपर्यंत जिन्यात बसवून ठेवलं होतं.

समोरच्या रांगेतला एक म्हातारा बरा झाला. त्यानं पिशवी उचलली, चपला घातल्या, निघाला. आता आडवतील, धोंडुबाई म्हणाल्या. दाराशी पहारेकरी होता. म्हातारा त्याच्याजवळ गेला. आता कागद मागंल. पहारेकऱ्यानं दार उघडलं, आणि टाळ्या वाजवल्या. जवळच्या नर्सनी टाळ्या वाजवल्या. म्हातारा बाहेर उन्हात गेला.

त्याच्यामागून दोन बायका गेल्या. मग एक मजूर, पायात फाटका बूट. मग लांब पांढऱ्या अंगरख्यातला तिथलाच कोणी बडा माणूस, दोन दिवस सगळ्यांसारखाच डबा खात होता तो. कोणालाच कोणी अडवलं नाही. कोणाच्याच हातात कागद दिला नाही. धोंडुबाई ऊन सरेपर्यंत बघत राहिल्या. "देवळातबी दानपेटी आसती गं," त्या मला म्हणाल्या. "तितं तीबी नव्हती."

त्या संध्याकाळी त्यांनी डबा चाटूनपुसून खाल्ला आणि इंजेक्शनला आपणहून दंड पुढं केला.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवर एक पोरगी आली. इथिओपियाची, कुणाच्या तरी घरात धुणीभांडी करणारी. मालकानं तिला दाराशी सोडलं आणि गाडी वळवून तो निघून गेला. तिनं नाकातली नळी काढून टाकली. डबा ढकलून दिला. नर्सनं पुन्हा नळी लावली, तिनं पुन्हा काढली. छाती लोहाराच्या भात्यासारखी वरखाली होत होती.

"अम्मा, इसको लगता है पगार से कटेगा," नर्स हताश होऊन म्हणाली. "हमारी बात नहीं मानती. इसकी बोली किसी को नहीं आती."

"मला तर हिंदी बी न्हाई येत," धोंडुबाई म्हणाल्या, आणि आपली नळी सांभाळत उठून बसल्या.

"ए पोरी."

पोरीनं बघितलं.

धोंडुबाईंनी स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. अंगठा तर्जनीवर घासला : पैसे. मग डोळे मोठे करून, तोंडावर पदर दाबून घाबरल्याचं सोंग केलं. डबा ढकलला, दंड लपवला. आदल्या दोन दिवसांतला स्वतःचा सगळा मूर्खपणा त्यांनी त्या पोरीपुढं मांडला. मग दाराकडं बोट दाखवलं. त्या कालचा तो म्हातारा झाल्या, पिशवी उचलली, लटपटत चालल्या. त्याच पहारेकरी झाल्या, छाती काढून आडव्या आल्या. पोरीनं श्वास रोखला. आणि पहारेकऱ्यानं दार उघडलं, वाकून वाट दिली, टाळ्या वाजवल्या. धोंडुबाईंनी पदर झटकून दाखवला : काही नाही. उलटा करून दाखवला : काही नाही. आजूबाजूच्या खाटांवरची माणसं उठून बघत होती. पलीकडच्या एका नेपाळी बाईनं मान हलवून टाळी वाजवली.

मग धोंडुबाईंना खोकला आला, नर्सनं धरून बसवलं. पोरगी उठली की काय म्हणून त्यांनी बघितलं, तर तिनं नळी नाकात बसवली होती. डब्याचं झाकण काढलं होतं. तिनं एक घास घेतला, थांबली, कोणी काही लिहून घेतंय का ते बघितलं. कोणीच लिहून घेत नव्हतं. मग भातात चार बोटं घालून ती खायला लागली.

उशाशी मोबाइल वाजत होता. पलीकडं ऋषिराज होता.

"आई, तब्येत कशी हाय? डॉक्टर काय म्हणले? आई, बोलत का न्हाईस?"

"थांब रं जरा," धोंडुबाई हळूच म्हणाल्या. "पोरगी जेवतीया."