दोन हजार अडतीसची सकाळ

सुलभा मूळची शहाद्याची. डिप्लोमा करून ती दमणगंगेकाठच्या राखोलीत एका रंगाई कारखान्यात लागली, त्याला एकोणीस वर्षं झाली. कापड रंगवणाऱ्या प्रत्येक मशीनच्या पोटात एक छोटा कॉम्प्युटर असतो. ते सगळे सांभाळणं तिचं काम. मशीन बनवणारी कंपनी बंद पडली, तेव्हा तिथल्या इंजिनिअरने सगळा कोड तिच्या हवाली केला होता.

त्या कोडात एक खोट होती. कॉम्प्युटर १९७० पासूनचे सेकंद मोजत आला होता, पण आकडा मावायला जागा बत्तीस बिटांचीच. १९ जानेवारी २०३८ला सकाळी ती भरणार आणि घड्याळ शंभराहून जास्त वर्षं मागे जाणार.

"तोवर कोण राहतंय, सुलभाबाई?" मॅनेजर भास्कर हसून म्हणाले.

"मशीन राहतील, सर."

तिने टेबलावरच्या जादा कॉम्प्युटरचं घड्याळ पुढे नेलं. आठ चव्वेचाळीस आणि सात सेकंद. पुढच्याच क्षणी पडद्यावर डिसेंबर १९०१ उमटला. ठरल्या वेळी हीटर बंद व्हायचा, पण त्याचा लाल दिवा विझेना.

"ताई, हाई काय व्हयनं?" शेजारी उभा असलेला ऑपरेटर लखन घाबरला.

सुलभा तारखेकडे बघत राहिली. तिला दमणगंगेचा काठ दिसला, एकही धुराडं नसलेला. नुसतं सागाचं रान. पाण्यात पाय सोडून एक बाई बसलेली. हाक मारली तर ती वळून बघेल, असं वाटलं. पण दिवा जळतच होता. खऱ्या मशीनमध्ये कापड शिजून गेलं असतं.

दोन महिने तिने कोडातला एकेक सेकंद चौसष्ट बिटांच्या जागेत हलवला. मग घड्याळ ती वेळ ओलांडून गेलं; पण मशीन बंद करून चालू केलं की पुन्हा १९०१! बॅटरीवरच्या घड्याळातून तारीख वाचणारी एक ओळ जुनीच राहिली होती. ती सापडायला आठ दिवस गेले.

ओळ बदलल्यावर तिने तो कॉम्प्युटर दिवसभर २०३८मध्येच ठेवला. जेवणाच्या सुट्टीत त्याच्यासमोरच डबा उघडला. तिथे तिची शाळकरी लेक दुर्गा पंचवीस वर्षांची होती, दारात उभी राहून चपला घालत होती, कुठे निघाली ते सांगत नव्हती. सुलभाने भाकरी हळूहळू खाल्ली. परत यायची घाई नव्हती.

मार्चपर्यंत, दर साप्ताहिक सुट्टीला एक, अशी चौदाही मशीन बदलून झाली. शेवटच्या मशीनवर लखनने निळ्या कापडाचा घाणा चढवला. वेळ भरली, हीटर बंद झाला.

"आता हे घड्याळ किती वर्षं चालेल?" भास्करांनी विचारलं.

"अब्जावधी," ती म्हणाली.

लखन वाफाळतं कापड बाहेर ओढू लागला, तशी ती दुसरं टोक धरायला पुढे झाली.