चांगलं वर ठेवून पाठवलेलं पुस्तक

आमच्याकडे भाजीचं टोपलं भरायची एक रीत आहे. किडकी-वाकडी वांगी खाली, तजेलदार वर. सेलूच्या बाजारात भाजी विकण्यात जन्म गेला, हाताला तेच वळण. माझ्या आयुष्याची लिहिलेली पानं प्रकाशकाकडे पाठवताना मी तेच केलं, बघा. यजमान गेले तो धडा सगळ्यात चांगला उतरला होता, तो वर. त्याखाली विहिरीला पाणी लागलं तो. लग्न मधे कुठंतरी, अन् बाळपण पार बुडाशी. पानांवर आकडेही नाहीत.

नकार सुनेच्या फोनवर आला. तिनं तो गोड न करता वाचून दाखवला. मजकुराला क्रम नाही, पुढं वाचणं जमलं नाही, क्षमस्व.

"चुलीत घाल ते सारं," मी म्हटलं. म्हटलं खरं, पण उठून चुलीपाशी काही गेले नाही.

आम्ही झेरॉक्स पाठवली होती. मूळ पानं घरात होती, ती सुनेनं बाजेवर पसरली अन् वाचत बसली. जरा वेळानं तिला हसू फुटलं. सासऱ्यांना, म्हणजे माझ्या यजमानांना, ती मामाजी म्हणायची.

"आई, मामाजी पहिल्याच पानावर गेले, अन् मधात तुमचं लग्न लागून राह्यलं! वाचणाऱ्यानं रडावं का अक्षता टाकाव्या? असं लावलं काऊन?"

मी टोपल्याचं सांगितलं.

"गिऱ्हाईक वरून पाहते, बरोबर आहे. पण पुस्तक लोक पहिल्यापासून वाचतेत नं!"

मग मला विचारत विचारत तिनं एकेक धडा जागी लावला. त्यात ती नवी नवरी असतानाच्या आमच्या भांडणांचाही धडा होता, सगळा माझ्याच बाजूनं लिहिलेला. तिनं तो पूर्ण वाचला, माझ्याकडे एकदा पाहिलं, अन् आकडा घालून जागेवर ठेवला. एक शब्द खोडला नाही. मी असते तर पानच गायब केलं असतं!

"आता त्यायले लिही, म्हातारी आहे, शाळा धड पाह्यली नाई, दया करा," मी म्हटलं.

"नाई लिहीत. दयेनं छापलं तर तुम्हालेच गोड लागणार नाई."

तिनं एवढंच लिहिलं: पानं चुकीच्या क्रमानं आली, चूक आमची. नीट लावून पाठवली तर वाचाल का?

उत्तर आलं, पाठवा.

पाठवली. निकाल अजून यायचा आहे. शेजारीण विचारते, पुन्हा नाई म्हटलं तर? म्हटलं तर म्हटलं, बाई. या खेपेला माणूस वाचून नाही म्हणेल. तेवढं सुनेनं मिळवून दिलं.