टाचेवरची हातोडी

अकोल्याला मुलींच्या शाळेत शिकवायला लागले, त्याच्या दुसऱ्या वर्षी मला झोप आवरेना. फळ्यावर गणित मांडता मांडता डोळे मिटत. आवाज घोगरा झाला, तोंड सुजलं, भर उन्हाळ्यात अंगावर शाल. मुली मागे फिदीफिदी हसत. नोकरी अजून कायम व्हायची होती. आमच्या घराण्यातली पहिली बी.ए. मी, आणि वर्गात पेंगते! डॉक्टर म्हणाले, गळ्यातली ग्रंथी मंदावली आहे. गोळ्या सुरू झाल्या.

गोळी किती लागते हे रक्तावरून कळायची सोय तेव्हा आमच्याकडे नव्हती. डॉक्टर नाडी पाहत, वजन करत आणि शेवटी टाच. खुर्चीवर भिंतीकडे तोंड करून गुडघे टेकायचे, पावलं मागे लोंबती सोडायची. ते टाचेच्या वरच्या शिरेवर रबरी हातोडी मारत. उडालेलं पाऊल सावकाश परत आलं तर औषध कमी पडतंय, चटकन आलं तर पुरतंय.

माझं पाऊल उडेचना. नुसतं लाकूड. बौद्ध धम्माच्या दीक्षेनंतर आमच्या घरात कुणी माणसापुढे गुडघे टेकत नसे; पण त्याचं काही नव्हतं. लाज होती ती टाचांची. काळ्या मातीत अनवाणी वाढलेल्या, भेगाळलेल्या. अमरावतीच्या कॉलेजात सारी वर्षं त्या पातळाच्या काठाखाली झाकल्या, आणि आता एक मोठ्या घरचा माणूस त्या हातात धरून पाहत होता.

त्यात बडनेऱ्याहून आलेली माय कोपऱ्यातून ओरडली, "अवो डॉक्टरसायेब, तिच्या पायाले हात नोका लावू! तुमी एवढे मोठे!"

कंपाउंडर हसला. मी भिंतीकडे पाहतच म्हटलं, "माय, चूप राय."

"पाय सैल सोडा, बाई," डॉक्टर म्हणाले. "असा ताठ ठेवलात तर गोळी वाढवायची की नाही ते मला कळणार कसं? उगाच वाढवली तर छाती धडधडेल."

माय पुढे आली. "सरका जरा." तिनं माझं पाऊल तळहातावर घेतलं, वावरात काटा काढायला घ्यायची तसं. "काटा काढतानी तर एवढी कडक नोती होत वो!"

पाय आपोआप सुटला. हातोडी पडली. पाऊल उडालं आणि रेंगाळत परत आलं. गोळी अर्ध्यानं वाढली.

पुढच्या महिन्यात मी टाचा दगडानं घासघासून गेले आणि मायला म्हटलं, तू बाहेरच बस. आत पुन्हा तेच लाकूड. डॉक्टरांनी हातोडी खाली ठेवली. "आई नाही आल्या?"

अनवाणीच बाहेर आले. बाकावरचे सगळे पाहत होते. "माय, आत ये."

"काहून? पुन्हा काटा रुतला काय, बीएबाई?"

तिनं तळहात लावला. पाऊल उडालं, चटकन परत आलं. "झालं. हीच गोळी चालू ठेवा," डॉक्टर म्हणाले.

मायनं पाऊल सोडलं नव्हतं. अंगठ्यानं टाच चाचपत ती सगळ्यांदेखत म्हणाली, "एवढी काहून घासली वो? रगत निंगालं नं."