ट्रंकेतला सोऱ्या

वडनेरहून निघालो तेव्हा सासूबाईंच्या ट्रंकेत दोन लुगडी, एक शाल आणि कुरड्यांचा पितळी सोऱ्या होता. यजमानांना गिरणीतर्फे वर्षभर जर्मनीत यंत्रांचं काम शिकायचं होतं. मी, चार वर्षांची मुलगी आणि सासूबाई, सगळेच निघालो. फाटकाशी मोठे दीर म्हणाले, "म्हातारीले कायले नेता? तिथं नुसती बसून खाईन. दिवाळीच्या आत वापस पाठवा." सासूबाईंनी ऐकलं आणि शाल सारखी केली.

पोचलो तेव्हा उन्हाळा लागत होता. रात्री नऊपर्यंत उजेड. "इतकं ऊन वाया चाललं," म्हणत सासूबाईंनी तीन दिवस गहू भिजवले, चीक (गव्हाचं सत्त्व) शिजवला आणि बाल्कनीत कुरड्या घातल्या. वडनेरला दोन दिवसांत कडकडीत वाळतात. इथे चौथ्या दिवशी हिरवी बुरशी. "ऊन लंबं हाये, पन त्यात दमच नाई," त्या म्हणाल्या. यजमानांनी ही गंमत घरी कळवली, तर दिरांचं पत्र आलं: मी सांगितलंच होतं, आईला पाठवून दे. यजमान तिकिटाची चौकशीही करून आले. मला त्यांचा फार राग आला.

झाडं पिवळी झाली, मग उघडी पडली. दिवाळी आली. "कुरड्या वाळल्याबिगर मी हालत नाई," सासूबाईंनी मुलाला सांगून टाकलं.

डिसेंबरात बर्फ पडला आणि खिडकीखालचा हीटर दिवसभर तापू लागला. सासूबाईंनी त्यावर हात धरून पाहिला. आठवड्याने हीटरसमोर दोन खुर्च्यांवर लुगडं ताणून त्यावर कुरड्या. आंबूस वास जिन्यात गेला आणि खालून घरमालकीण आली. हे आत्ता उचला, म्हणाली. फोडणीचा वास, मुलीचं धावणं, दारातल्या चपला, तिच्या सगळ्या तक्रारींना मी सात महिने मान डोलावत आले होते.

"काय म्हनून राह्यली?" सासूबाईंनी विचारलं.

"उचला म्हणते."

"तिले सांग, परवा."

मी मोडक्या जर्मनमध्ये सांगितलं. ती म्हणाली, आज. मी म्हटलं, परवा. तिने पुन्हा आज म्हटलं आणि मी दार लावलं. घर सोडावं लागेल म्हणून यजमान घाबरले. "सोडू," मी म्हटलं. सोडावं काही लागलं नाही. तिसऱ्या दिवशी कुरड्या डब्यात खुळखुळत होत्या.

वर्षाने परतलो. लोक विमानाचं, बर्फाचं विचारतात; सांगते मी. पण मला आधी आठवतं ते लावलेलं दार.

घरी पोचताच सासूबाईंनी कढई चढवली. कुरडई पांढरीशुभ्र फुलली. दिरांनी दोन खाल्ल्या. "चांगली झाली. यंदाची हाये?"

"बर्फातली हाये."

दिरांनी तिसरी उचलली. म्हणाले, "बरं झालं आलीस. आता कुठं जाऊ नको."

"काऊन?" सासूबाईंनी विचारलं, आणि सोऱ्या पुसून फळीवर न ठेवता पुन्हा ट्रंकेत ठेवला.